मासा कुणाचा? नदीतील मासेमारी आणि तिचे नियम

मृगाचा पाऊस झाला आणि तापीचे पाणी गढूळले की दीपनगर, वरणगाव, भुसावळ या पट्ट्यात एक प्रश्न हमखास निघतो. पुलाखाली कुणी गळ टाकून बसलेला असतो, कुणी ओहोळाच्या तोंडाशी जाळे लावलेले असते. वाटेने जाणारा विचारतो, "काय हो, इथे मासे धरायला परवानगी लागते का?" दुसरा म्हणतो, "नदी काय कुणाच्या बापाची आहे?" तिसरा म्हणतो, "अहो, ठेका घेतलेल्यांनी पाहिले तर जाळे ओढून नेतील." तिघांच्याही बोलण्यात थोडे थोडे खरे आहे, पण पुरते खरे कुणाचेच नाही. नदीतला मासा कुणाचा, तो केव्हा धरावा, कसा धरावा आणि कसा मुळीच धरू नये, हे आज जरा नीट उलगडून पाहू.

आधी नदी पाहू. तापी मध्यप्रदेशात बैतूल जिल्ह्यातील मुलताई येथे उगम पावते आणि 724 किलोमीटर वाहत जाऊन सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. आपल्या जिल्ह्यात चांगदेवाच्या देवळापाशी तिला पूर्णा भेटते. त्याच्या खाली हतनूरचे धरण आहे. 1982 साली पुरे झालेल्या या धरणाला 41 दरवाजे आहेत. दीपनगरच्या वीज केंद्राची तहान याच पाण्यावर भागते. पुढे दक्षिणेकडून वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, तर उत्तरेकडून सातपुड्यातून सुकी, मोर, अनेर, अरुणावती अशा नद्या तिला येऊन मिळतात. धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा असे बंधारे लागतात आणि गुजरातेत शिरल्यावर 1972 साली बांधून झालेले उकाईचे मोठे धरण. म्हणजे आपली तापी आज एक सलग वाहणारी नदी राहिलेली नाही. ती एकामागून एक साठ्यांची माळ झाली आहे. माणसाला त्यामुळे पाणी, वीज आणि केळीला ओलित मिळाले. माशाला मात्र वाटेत भिंती आल्या. मासेमारीचे नियम आज पूर्वीपेक्षा अधिक का पाळावे लागतात, त्याचे निम्मे उत्तर इथेच आहे.

उरलेले निम्मे उत्तर माशाच्या जीवनक्रमात आहे. शेतकऱ्याला पेरणी आणि कापणी यांतला फरक सांगावा लागत नाही. मासेमारीतही तोच फरक आहे. फक्त पेरणी पाण्याखाली होते म्हणून ती डोळ्यांना दिसत नाही.

रोहू, कटला, मृगळ ही नावे बाजारात सर्वांच्या ओळखीची आहेत. हे मासे मूळचे उत्तरेकडील गंगा, सिंधू, ब्रह्मपुत्रा या नद्यांतले. आपल्याकडच्या तलावांत आणि धरणांत ते बीज सोडून आणले गेले. त्यांची विण पावसाळ्यात होते, आणि तीही साचलेल्या पाण्यात सहसा होत नाही. पूर यावा, पाणी काठावरच्या उथळ गवताळ भागात पसरावे, तेव्हा मादी अंडी सोडते आणि नर त्यांवर शुक्र सोडतो. एक किलो वजनाच्या रोहू मादीच्या पोटात दोन लाखांच्या वर अंडी असतात. पंधरा-वीस तासांत त्यांतून पिल्ले बाहेर येतात. सुरुवातीच्या जिऱ्याएवढ्या पिल्लांना मत्स्यजिरे म्हणतात, थोडी मोठी झाली की मत्स्यबीज, आणि बोटाएवढी झाली की मत्स्यबोटुकली. नावे किती नेमकी आहेत पाहा!

आता पहिल्या पुरात काय घडते ते ध्यानात घ्या. उन्हाळाभर डोहात दबून राहिलेला मासा नव्या पाण्याचा वास लागताच प्रवाहाविरुद्ध चढू लागतो. ओहोळातून, नाल्यातून, कधी कधी शेताच्या बांधापर्यंत तो येतो. कोकणात या चढणीच्या माशांना वलगणीचे मासे म्हणतात. तो चढतो अंडी घालण्यासाठी. नेमका त्याच वेळी तो उथळ पाण्यात सापडतो, काठीनेसुद्धा मारता येतो, आणि मच्छरदाणीचे कापड आडवे लावले तरी टोपलीभर मिळतो. त्या दिवशी गावात आनंद होतो, हे खरे. पण पोटात अंडी असलेली एक मादी आपण मारली, तर एक मासा कमी होत नाही. पुढच्या दोन वर्षांचे पीक कमी होते. घरात कितीही ओढ असली तरी बियाण्याचे ज्वारी-बाजरीचे दाणे आपण जात्यात घालतो का? मग बियाण्याचा मासा चुलीवर का जावा?

सर्वच मासे असे वागत नाहीत. आपल्याकडचा मरळ घ्या. तो काठाजवळच्या पाणवनस्पतींत जागा साफ करून अंडी घालतो आणि नर-मादी दोघेही पिल्लांची राखण करतात. पाण्याच्या पृष्ठभागाशी लालसर पिल्लांचा झुबका एकत्र फिरताना दिसला की खाली आईबाप आहेत असे समजावे. हेच जाणून काही जण त्या झुबक्यात गळ टाकतात. राखण करणारा मासा चिडून गळावर झेपावतो आणि सापडतो. मग उघडी पडलेली पिल्ले दुसरे मासे आणि बगळे फस्त करतात. एका गळाने सबंध विण जाते. कायद्याचे कलम माहीत नसले, तरी हे करू नये एवढे समजायला शाळा लागत नाही.

उन्हाळ्याचीही गोष्ट अशीच आहे. पाणी जितके तापते तितकी त्यात विरघळलेली प्राणवायूची मात्रा कमी होते. वीस अंश उष्णतेच्या एक लिटर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो; तीस अंशांवर तो साडेसातच्या आसपास येतो. आपल्या खानदेशचा वैशाख तर तुम्हाला ठाऊकच आहे. एप्रिल-मे महिन्यांत पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून घुटमळताना दिसतात, ते गमतीने नव्हे. त्यांचा जीव गुदमरत असतो. नदी आटून जे दोन-चार खोल डोह उरतात, त्यांत सबंध नदीचे बियाणे गोळा झालेले असते. डोह म्हणजे नदीची बियाण्याची कणगी. तो उपसून घेतला की पुढे पाऊस कितीही पडो, पाणी येते पण मासा येत नाही.

आता कायद्याकडे वळू. कायदा म्हटला की आपल्याकडे दोन टोके असतात: कुणी भितो, कुणी हसतो. पण मासेमारीचा कायदा मुळात समजायला अगदी सोपा आहे.

भारतात या विषयावर सर्व देशासाठी पहिला कायदा 1897 साली झाला, तो भारतीय मत्स्यव्यवसाय कायदा. त्यातील दोन गोष्टी आजही पाठ असाव्यात अशा आहेत. पहिली, मासे धरण्यासाठी अथवा मारण्यासाठी पाण्यात सुरुंगाची दारू किंवा कोणताही स्फोटक पदार्थ वापरणे हा गुन्हा. दुसरी, त्याच हेतूने पाण्यात विष, चुना किंवा अपायकारक पदार्थ टाकणे हाही गुन्हा. त्या कायद्यात यासाठी दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड ठेवला होता. आज दोनशे रुपये ऐकून कुणी हसेल. पण 1897 साली ही रक्कम लहान नव्हती. याखेरीज सरकारला त्या कायद्याने आणखी अधिकार दिले: पात्रात कायमचे रोवलेले सापळे आणि आडवे बांध यांवर नियंत्रण ठेवणे, जाळ्याच्या आसाचा म्हणजे भोकाचा आकार ठरवणे, आणि ठराविक पाण्यात ठराविक काळ मासेमारी बंद ठेवणे. आपली राज्यघटना आल्यावर नदी-तलावांतील मासेमारी हा विषय राज्यांच्या यादीत आला. महाराष्ट्राने 1960 सालचा आपला स्वतंत्र मत्स्यव्यवसाय कायदा केला. त्याच्याही मुळाशी तीच शहाणी कल्पना आहे: साधन कोणते, आस केवढी, काळ कोणता.

इथे एक घोटाळा दूर करतो. पावसाळ्याच्या तोंडाशी आपण बातम्यांत ऐकतो की मासेमारी बंदी लागू झाली. ती बंदी समुद्राची. पश्चिम किनाऱ्यावर 2015 पासून जून-जुलैचे 61 दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, आणि राज्याच्या सागरी हद्दीसाठी 1981 सालचा वेगळा सागरी मासेमारी कायदा आहे. "बंदी मुंबईला, आम्हाला काय त्याचे?" असे म्हणणारा तांत्रिकदृष्ट्या चूक नसतो. पण समुद्राला जे कारण लागू आहे, तेच तापीलाही आहे: मासा त्याच महिन्यांत वितो. आपल्या धरणाला किंवा तलावाला कोणता बंदीकाळ ठरवून दिला आहे, ते जळगाव किंवा धुळे येथील मत्स्यव्यवसाय खात्याच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयात विचारून घ्यावे. ग्रामपंचायतीने तो काळ फळ्यावर लिहून ठेवला तर फार उत्तम.

सुरुंग आणि विष यांवर कायदा इतका कडक का, तेही पाहा. बहुतेक माशांच्या पोटात हवेची एक पिशवी असते. तिच्यामुळे मासा पाण्यात हव्या त्या खोलीवर तरंगून राहतो. स्फोटाच्या धक्क्याने ती फुटते. मोठा मासा, बोटुकली, जिरे, अंडी, सारेच मरते; आणि पिशवी फुटलेले कित्येक मासे वर न येता तळाशी जाऊन कुजतात. म्हणजे मारले शंभर आणि हाती आले वीस. शिवाय हातातच दारू उडून बोटे गमावलेली माणसे नदीकाठच्या कित्येक गावांत दिसतात. विषाचे तर विचारूच नका. पूर्वी काही झाडांच्या साली-फळांचा चेंदा डोहात टाकून मासे गुंगवीत. आता त्याची जागा पिकावर फवारायच्या औषधाने घेतली आहे. त्याच डोहाचे पाणी खालच्या वस्तीतली गुरे पितात, बाया हंड्याने नेतात, आणि तोच मासा पोरांच्या ताटात पडतो. वरून जाणाऱ्या तारेवर आकडा टाकून पाण्यात वीज सोडण्याचा नवा प्रकार तर त्याहून भयंकर. ती वीजचोरी आहेच. पण ओल्या काठावर उभा असलेला माणूस आणि पाण्यातला मासा यांत वीज काही भेद करीत नाही.

आता मूळ प्रश्न: मासा कुणाचा? कायद्याची दृष्टी अशी आहे. वाहत्या, मोकळ्या नदीतला मासा धरला जाईपर्यंत कुणाच्याच मालकीचा नसतो. तो आज या गावात, उद्या त्या गावात. पण बांध घातलेल्या तलावातला मासा तसा नाही. तो कोंडलेला आहे, बहुधा कुणीतरी पैसे खर्चून सोडलेला आहे. तो न विचारता नेला तर चोरीचा प्रश्न येऊ शकतो. मोकळ्या नदीतही मासा कुणाचा नाही म्हणून धरण्याचा हक्क अमर्याद आहे असे नव्हे. सार्वजनिक पाण्यातील मासेमारीचे नियमन सरकारकडे असते.

धरणे आणि मोठे तलाव यांची मासेमारी खाते ठराविक मुदतीच्या ठेक्याने देते, आणि ती बहुतांशी मच्छीमार सहकारी संस्थांकडे असते. आपल्याकडे नदीवर जगणारे समाज म्हणजे भोई, कोळी, भिल्ल. धरणे झाली तेव्हा पात्रातली त्यांची जुनी जागा पाण्याखाली गेली; संस्थेच्या रूपाने त्यांना त्या पाण्यावर हक्क मिळावा हा त्यामागील हेतू. ठेका घेणाऱ्या संस्थेला दरसाल बोटुकली विकत आणून पाण्यात सोडावी लागते. तेव्हा अशा जलाशयावर "पाणी सरकारचे, मग मासाही माझा" असे म्हणून जाळे टाकणे म्हणजे दुसऱ्याने पेरलेल्या शेतात विळा घेऊन शिरणे होय. उलट बाजूही सांगितली पाहिजे. ठेका जलाशयाचा असतो. जलाशयाची हद्द सोडून वर-खाली सबंध नदी आपलीच, असे ठेकेदारालाही म्हणता येत नाही. हद्द कोणती, हे ठेक्याच्या कागदात लिहिलेले असते. भांडण उभे राहिले तर काठीऐवजी तो कागद मागावा.

सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांसाठी दोन गोष्टी अधिक. यावल आणि अनेर धरण ही अभयारण्ये आहेत. अभयारण्यात वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 लागू पडतो, आणि तिथे वनखात्याच्या परवानगीवाचून मासेमारी करता येत नाही. दुसऱ्या बाजूला, 2006 सालच्या वनहक्क कायद्याने जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या लोकांचा तेथील पाणवठ्यांतील माशांवरचा सामूहिक हक्क मान्य केला आहे. आणि अनुसूचित क्षेत्रातील लहान पाणवठ्यांच्या नियोजनाचे काम 1996 सालच्या पेसा कायद्याने तिथल्या पंचायतींकडे दिले आहे. भिल्ल, पावरा, तडवी बांधवांनी हे हक्क कागदावर मिळवून घ्यावेत. तोंडी हक्क पहिल्याच भांडणात वाहून जातो.

आता गळ टाकणाऱ्या हौशी मंडळींसाठी. एक काठी, एक दोरा, पाण्यावर तरंगणारे बूच, आकड्याला गांडूळ किंवा कणकेची गोळी: इतके साधे साधन दुसरे नाही. मुंबईत पवई तलावावर गळाने मासे धरणाऱ्यांची संस्थाच आहे. गळात एक गुण असा आहे की तो एका वेळी एकच मासा धरतो आणि नको असलेला मासा जिवंत परत सोडता येतो. जाळ्याला ही सवलत नाही. म्हणून गळवाल्याने चार-पाच गोष्टी स्वतःहून पाळाव्यात.

बसण्यापूर्वी विचारावे: हे पाणी ठेक्याचे आहे का, अभयारण्याचे आहे का? वीतभर मासा लागला तर हात ओले करून हळूच आकडा काढावा आणि सोडून द्यावा. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा चिकट थर निघून जातो. तो थर म्हणजे त्याचे रोगापासूनचे चिलखत आहे. पोट फुगलेली मादी लागली तर तीही सोडावी. गळाला कासव लागले तर ते घरी नेऊ नये. गोड्या पाण्यातील कासवांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. तुटलेला नायलॉनचा दोरा पाण्यात टाकू नये, त्यात पाणपक्ष्यांचे पाय अडकतात. हतनूरचा फुगवटा हिवाळी पाहुण्या पक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे, हे इथल्या माणसाने तरी विसरू नये. आणि शेवटची गोष्ट जिवाची. पावसाळ्यात धरणाच्या खालच्या अंगाला पात्रात उतरून कधीही बसू नये. आपल्या डोक्यावर आभाळ कोरडे असते, पण वर बऱ्हाणपूरकडे किंवा पूर्णेच्या खोऱ्यात पाऊस झालेला असतो. दरवाजे उघडतात आणि पाहता पाहता खडकाभोवती पाणी चढते. भोंगा ऐकू आला की मासा, काठी, डबा जिथल्या तिथे टाकून काठावर यावे.

बाहेरचा मासा नदीत सोडणे हाही अपराधच समजावा. चिलापी हा आफ्रिकेतला मासा भारतात 1952 साली आणला गेला. तो भराभर वितो आणि स्थानिक माशांची जागा अडवतो. परदेशी मांगूर तर मांसभक्षक आहे, हवेतून श्वास घेतो म्हणून घाण पाण्यातही तगतो. त्याच्या पालनावर आपल्या देशात बंदी आहे. घरातल्या काचेच्या पेटीतले रंगीत मासे कंटाळा आला म्हणून नाल्यात सोडणे हीदेखील दया नव्हे.

कुणी म्हणेल, हे सगळे सरकारी नियम. आमच्या वाडवडिलांना असले काही ठाऊक नव्हते. वास्तविक त्यांना ते आपल्यापेक्षा अधिक ठाऊक होते, फक्त त्यांनी ते देवाच्या नावाने सांगितले. रायगड जिल्ह्यात वाळणकोंड येथे काळ नदीच्या डोहातले मासे वरदायिनी देवीचे म्हणून कुणी धरीत नाही. वाड्याजवळ वैतरणेवर तिळसे येथेही तसेच. या डोहांत महसीर हा मोठा, देखणा मासा आजही दिसतो. जिथे जाळी बेसुमार पडली तिथून तो नाहीसा होत गेला, आणि जिथे एक डोह देवाला दिला तिथे टिकला. पुढे लोणावळ्याला टाटांच्या धरणाशेजारी महसीराची कृत्रिम पैदास करून त्याची पिल्ले ठिकठिकाणच्या पाण्यात सोडण्यात आली. श्रद्धेने राखलेले बियाणे आणि शास्त्राने वाढवलेले बियाणे, दोन्ही कामे एकच आहेत.

शास्त्राचा विषय निघाला म्हणून एक तारीख सांगतो. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूखालील पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प जातीच्या माशांची बंदिस्त पाण्यात विण घडवून आणली. त्याआधी बोटुकली हवी तर पुरात नदीवर जाऊन गोळा करावी लागे, आणि त्यात कोणत्या जातीचे पिल्लू येईल याचा नेम नसे. आता बीज केंद्रात मिळते. 10 जुलै हा दिवस आपल्या देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. पण या शोधाने एक गैरसमजही पसरला, की बी विकत मिळते तर नदी राखायची कशाला? बीज केंद्रात मोजक्याच जाती वाढतात. मरळ, वाम, शिंगाळा, झिंगे आणि कितीतरी बारीक मासे, ज्यांच्यावर गरिबाची भाकर ओली होते, ते नदीनेच द्यायचे असतात.

शिक्षक बंधुभगिनींनो, या विषयात तुमच्या वर्गाला पुष्कळ काम आहे. एक हिशेब फळ्यावर मांडा. दहा ग्रॅमची एक बोटुकली धरली तर किलोत शंभर भरतात. त्या शंभरांतल्या सत्तर नैसर्गिक कारणांनी मेल्या असे समजा. उरलेल्या तीस एक वर्ष जगून पाऊण-पाऊण किलोच्या झाल्या, तर साडेबावीस किलो मासा होतो. चांगले अन्न मिळाले तर रोहू-कटला वर्षात एवढे वजन सहज धरतात. म्हणजे बारीक आसाच्या जाळ्याने आज एक किलो नेणारा उद्याचे साडेबावीस किलो बुडवतो. मुलांना व्याजाचे गणित यापेक्षा चांगले कुठे शिकवता येईल? दुसरे, बाजारातून रोहूचे एक मोठे खवले आणा, धुऊन साध्या भिंगाखाली धरा. झाडाच्या खोडासारखी वलये दिसतील. अभ्यासक त्यांवरून माशाच्या वयाचा अंदाज बांधतात.

तिसरे काम मला सर्वांत मोलाचे वाटते. गावातल्या जुन्या मच्छीमाराला शाळेत बोलवा आणि त्याच्याकडून माशांची नावे लिहून घ्या. 1839 साली कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा त्याने कित्येक माशांना इथल्या लोकांच्या तोंडची नावेच शास्त्रीय नाव म्हणून दिली. खुद्री, कोलूस, नुक्ता ही आपल्या मच्छीमारांची बोली आज जगभरच्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत बसलेली आहे. ज्यांना आपण अडाणी समजतो त्यांच्या शब्दांवर शास्त्राने शिक्का मारला. अहिराणीतली अशी किती नावे अजून कुणी टिपूनच घेतलेली नाहीत! म्हातारी माणसे गेली की ती नावे जातील, आणि ज्याला नाव नाही तो मासा नाहीसा झाला हेही कुणाला कळणार नाही.

शेवटी गावकऱ्यांना एक सुचवतो. पांझरेच्या काठी फड पद्धत शेकडो वर्षे चालत आली. नदीवर बंधारा एक, पाणी सर्वांचे, पण कोणत्या फडाला केव्हा आणि किती, हे ठरलेले. पाटकरी सांगेल तसे पाणी घ्यायचे. वरच्या शेतकऱ्याने अरेरावी केली नाही म्हणून खालचे शेत भिजले. जे पाण्याला साधले ते माशाला का साधू नये? ग्रामसभेत एवढे तीनच ठराव करून पाहा: गावच्या शिवारातला एक खोल डोह बारमाही राखीव; पहिल्या पुरापासून श्रावण संपेपर्यंत ओहोळाच्या तोंडाशी जाळे नाही; आणि सुरुंग, विष, वीज वापरणाऱ्याला गाव पाठीशी घालणार नाही. यात सगळ्यात अवघड तिसरा ठराव आहे, कारण असे करणारा बहुधा आपल्यातलाच, आपल्या भावकीतलाच असतो. पण त्याच्या एका रात्रीच्या मिळकतीपायी शेजारच्या भोयाच्या चार घरांची चूल वर्षभर थंड राहते, हे त्याला सांगायला आपल्यातलाच माणूस लागतो. परका पोलीस पुरत नाही.

तेव्हा पुढल्या वेळी पुलावर कुणी विचारले की मासा कुणाचा, तर सांगा: धरलेला मासा धरणाऱ्याचा, सोडलेल्या बीजाचा मासा सोडणाऱ्या संस्थेचा, पण अंड्यावरचा मासा आणि डोहातले बियाणे अजून पाण्यात पाय न टाकलेल्या पोराचे आहे. त्याच्या वाट्याचे आपण खाऊ नये.